पाचचा गजर

"बसा," काउंटरवरचा माणूस म्हणाला आणि त्याने चाकांच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

माझी नजर त्याच्या ओठांवर होती म्हणून तेवढा एक शब्द कळला. मी मागे वळून पाहिलं. कुणी म्हातारं माणूस उभं असेल अशी माझी समजूत. मागे कुणीच नव्हतं. फक्त रिकामी खुर्ची धरून उभा असलेला एक हमाल.

मी जागच्या जागी दोन पावलं चालून दाखवली. कडेवरच्या माझ्या लेकीला, वैजूला, तो खेळ वाटला, ती हसली. मग मी कानाला हात लावला आणि बोटाने 'नाही' अशी खूण केली. पाय ठीक आहेत, कान नाहीत. त्या माणसाने मोठ्या कळवळ्याने मान डोलावली, एका कागदावर काहीतरी लिहिलं, माझी सही घेतली आणि पुन्हा खुर्चीच दाखवली.

मीही मान डोलावली आणि बसले.

मान डोलावणं ही माझी तेव्हाची सवय. दहाव्या वर्षी मेंदूज्वरात कान गेले, पार गेले. बोलता येत होतं, पण आवाज म्हणे विहिरीतून आल्यासारखा यायचा. बाजारात लोक वळून बघत, पोरं तोंडं वेडावून दाखवत. लग्नाआधीच मी घराबाहेर तोंड उघडणं सोडून दिलं होतं. समोरचा काय म्हणाला ते कळलं नाही तर एकदा 'काय?' विचारता येतं. दुसऱ्यांदा विचारलं की त्याच्या कपाळावर आठी दिसते. तिसऱ्यांदा आपण मान डोलावून मोकळं व्हायचं. आमच्यातल्या बहुतेकांना ही सवय असते.

त्या सवयीनेच मी त्या खुर्चीत आले होते. खुर्चीतच काय, विमानतळावरसुद्धा.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होतील. त्या दिवाळीत दिल्लीहून शशीवन्सं आल्या होत्या, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांना मूलबाळ नव्हतं. एका रात्री मामंजी, म्हणजे माझे सासरे, जेवताना त्यांच्याशी बराच वेळ बोलत होते. मामंजी निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या भरघोस मिशांमुळे त्यांचे ओठ मला कधीच वाचता आले नाहीत. मधेच ते माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाले. वन्संही माझ्याकडे बघत राहिल्या. मी भाकरी थापत होते. मी मान डोलावली.

पंधरा दिवसांनी दिल्लीहून पाकीट आलं. आत विमानाचं तिकीट आणि पत्र.

'कुमुद, तू इतक्या मोठ्या मनाने हो म्हणालीस, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वैजूच्या कानावर आता शब्द पडायला हवेत. तुम्ही दोघंही असे, बाबांचं वय झालेलं. हात हलवून मूल बोलायला शिकत नाही. शाळेत जायची होईपर्यंत राहू दे तिला आमच्याकडे. मूल तुझंच आहे.'

मी तसंच पत्र घेऊन मामंजींकडे गेले. "मला कळलं नव्हतं," मी म्हणाले, "मी नुसती मान डोलावली."

त्यांनी पाटी ओढली. माझ्याशी ते पाटीवरच बोलत. हातांच्या खुणांना ते 'माकडचेष्टा' म्हणायचे; तो एक शब्द मात्र मिशांमधूनही कळायचा. पाटीवर त्यांनी लिहिलं, 'शब्द दिलास. पोरीच्या भल्याचं आहे.' मी हलेना, तेव्हा ते पुसून खाली दुसरं वाक्य लिहिलं: 'तिने पहिली हाक मारली तर तुला ऐकू तरी येणार आहे का?'

खरं सांगायचं तर मलाही ते पटायला लागलं होतं. रात्री मी वैजूच्या पायाला सुती नाडी बांधून तिचं दुसरं टोक माझ्या मनगटाला बांधायची. ती रडली की पाय झाडायची आणि मला जाग यायची. अशा नाडीवर वाढवलेलं मूल बोलणार कसं, असं मनात यायचं.

माझ्या नवऱ्याचं नाव मधुसूदन. नवऱ्याचं नाव तोंडाने घेऊ नये म्हणत. मी ते बोटांनी घ्यायची. तो छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा, म्हणून त्याचं नाव म्हणजे खिळा उचलल्यासारखी दोन बोटांची चिमूट. तो जन्मापासूनच बहिरा. हातांच्या भाषेत अहोजाहो नसतं, म्हणून इथेही ते घालत नाही.

निघायच्या दिवशी दुपारी त्याने बॅग भरली. वैजूचे लोकरीचे कपडे, लंगोट, दुधाची बाटली आणि त्यात मधोमध आमचं चावीचं घड्याळ, डोक्यावर दोन घंट्या असलेलं.

"हे कशाला?" मी हातांनी विचारलं. "चार दिवसांत परत येणार आहे मी."

"पाचला तिला दूध लागतं. ताई उठणार आहे का पाचला?"

आम्ही ते घड्याळ रोज रात्री चावी देऊन उशीखाली ठेवायचो. पहाटे पाचला उशी थडथडली की जाग यायची. "दोन्ही चाव्या, घड्याळाची आणि गजराची, देऊन ठेवल्यात पूर्ण," तो म्हणाला. "तू नुसतं उशीखाली ठेव. आणि परत येताना ते तिथेच राहू दे." एवढं बोलून त्याने हात खिशात घातले. आमच्यात हात खिशात घालणं म्हणजे गप्प बसणं.

मग त्याने वैजूला उचललं, माझ्याकडे वळवलं आणि स्वतःच्या नाकपुडीला बोट लावलं, माझी चमकी असते तिथे. आमच्या भाषेत आई म्हणजे तेच. ती जन्मल्यापासून तो दिवसातून शंभर वेळा तिला असं दाखवायचा. ती नुसती टकामका बघायची.

विमानतळ तेव्हा एखाद्या मोठ्या एसटी स्टँडएवढा होता. सोडायला आलेल्यांना आत येऊ देत नसत, पण इमारतीच्या गच्चीवर कठड्याशी उभं राहून विमान बघता यायचं. "दिसेनासं होईपर्यंत मी वर आहे," मधुसूदन दारात म्हणाला. मग त्याने वैजूच्या टाळूवर ओठ टेकले ते बराच वेळ उचलले नाहीत. मागच्या माणसाने आम्हाला ढकललं तेव्हा वैजूला घेऊन मी आत आले.

हमालाने खुर्ची ढकलत आम्हाला उघड्या मैदानावर आणलं. आतल्या भिंतीवर लाल अक्षरांत पाटी होती: 'बेवारस वस्तूला हात लावू नका. स्फोटक असू शकते.' त्या वर्षी अशा पाट्या बसमध्ये, थिएटरात, भाजीबाजारातसुद्धा होत्या. विमानापासून थोड्या अंतरावर सगळ्या बॅगा जमिनीवर ओळीने मांडलेल्या होत्या. प्रवासी येत, वाकून आपापली बॅग हात लावून ओळखत, मग एक माणूस तिच्यावर खडूने फुली करून ती विमानाच्या पोटात चढवायला देत होता. त्या ओळीत माझी निळी बॅगही दिसली, कोपऱ्याला हिरवं ठिगळ लावलेली. मी तिच्याकडे बोट दाखवलं आणि हमालाकडे बघितलं.

त्याने मान डोलावली आणि खुर्ची सरळ पुढे नेली. त्यालाही माझ्यासारखीच सवय असावी.

शिडीपाशी मी खुर्चीतून उठून टपाटप वर चढले, तेव्हा तो चमत्कार बघितल्यासारखा माझ्या पायांकडे बघत राहिला.

मला अगदी पुढची, खिडकीजवळची जागा मिळाली. बाजूला थोड्या वेळाने पिवळ्या रेशमी साडीतल्या एक बाई येऊन बसल्या. त्यांचं नाव दमयंतीबाई, हे पुढे त्यांच्या पत्रातून कळलं. त्या हसल्या, मी हसले. त्यांनी काही विचारलं, मी मान डोलावली. त्यांनी वैजूला मांडीवर घेतलं. तिच्या पायातली नाडी माझ्या मनगटापर्यंत गेलेली बघून त्यांनी भुवया उंचावल्या, पण काही म्हणाल्या नाहीत.

गच्चीवर मधुसूदन दिसत होता. एवढ्या लांबूनही त्याचे पांढऱ्या शर्टाचे हात ओळखू येत होते. "खिडकी मिळाली?" त्याने विचारलं. मी काचेला तळहात लावला, पण मी त्याला दिसत नसावी. तो तेच पुन्हा विचारत राहिला.

विमान भरत गेलं आणि बाहेरची ओळ संपत आली. शेवटी मैदानावर एकच बॅग उरली. निळी, हिरव्या ठिगळाची.

मला आधी नुसतं चुकल्यासारखं वाटलं. विसरले की काय हे लोक? मी हवाईसुंदरीला हात केला. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती पायऱ्यांच्या दारात उभी राहून तोंडाशी फोन धरून बोलत होती आणि सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवत होती. लोक एकमेकांकडे बघत होते. ती पुन्हा बोलली. पुन्हा सगळ्यांनी माना वळवल्या. ती माझं नाव पुकारत होती, हे मला नंतर कळलं. तीन वेळा पुकारलं. पहिल्या रांगेत, तिच्यापासून दोन हातांवर बसून मी तिच्याकडे बघून हसले.

बाहेर बॅगेजवळ दोन माणसं आली. एक ओणवा झाला, त्याने कान बॅगेजवळ नेला. तो लगेच उठला आणि हळूहळू, पाठ न वळवता, मागे सरकला. मग एक इन्स्पेक्टर आला, चार शिपाई आले, आणि दोघांच्या हातांत बंदुका. ते बॅगेभोवती लांब गोल करून उभे राहिले.

मी काचेला कपाळ टेकलं. काय झालं ते कळत नव्हतं, पण बंदुका माझ्या बॅगेकडे रोखलेल्या होत्या. त्या बॅगेत माझ्या लेकीचे लंगोट होते.

मग ते घडलं. बाहेर काहीच हललं नाही, धूर नाही, वारा नाही, आणि ती सगळी माणसं एकाच क्षणी मागे उडाली. एक शिपाई पडला आणि रांगत दूर गेला. त्याच क्षणी विमानातली सगळी माणसं उभी राहिली.

ऐकू येणाऱ्यांना भीती कानांतून आत शिरते आणि तिच्यासोबत तिचं कारणही येतं. मला नुसती भीती मिळाली. पन्नास-साठ उघडी तोंडं, ताणलेल्या मानेच्या शिरा, पायांखालच्या फळ्यांमधून येणारी धडधड. आग लागली? विमान पडतंय? पण विमान तर जमिनीवरच होतं. मी दमयंतीबाईंचा दंड धरला. त्या भराभर काहीतरी बोलल्या. त्यांचे ओठ इतके थरथरत होते की एक अक्षरही जुळेना. बोलून त्या माझ्याकडे बघत थांबल्या, उत्तरासाठी.

आणि मी मान डोलावली.

दुसऱ्या क्षणी त्या वैजूला छातीशी धरून लोकांच्या लोंढ्यात शिरल्या होत्या. मी उठले. मनगटाला हिसका बसेल म्हणून हात पुढे केला. हिसका बसलाच नाही. नाडी मनगटावरून नुसती लोंबत होती. दुसऱ्या टोकाची गाठ त्यांनी कधी सोडली, मला कळलंही नव्हतं.

मी दाराकडे धावले. हवाईसुंदरीने दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवून मला परत जागेवर दाबलं. "तुम्ही थांबा," असं काहीतरी, आणि तिने हवेत दोन चाकं फिरवून दाखवली. खुर्चीवाले शेवटी. माझ्यासाठी खुर्ची येणार होती!

खिडकीतून मला पिवळी साडी दिसली. ती शिडी उतरली, पळाली, गर्दीत मिसळली आणि नाहीशी झाली. रंगीत कपड्यांचा तो घोळका मैदान ओलांडून लांब जात होता. त्यात माझी वैजू होती, एका अनोळखी बाईच्या हातात, जिचं नावही मला ठाऊक नव्हतं. मी हो म्हणाले होते. कशाला हो म्हणाले होते? मुलीला नेऊ का, असंच तिने विचारलं असणार. मी दिवाळीत जे केलं होतं तेच मी आत्ता केलं होतं.

पलीकडच्या म्हाताऱ्या गृहस्थांना उचलायला हवाईसुंदरी वळली, तेवढ्यात मी तिच्या बगलेखालून निसटले.

मैदानावर आले आणि सरळ इमारतीच्या दिशेने पळत सुटले. घोळका कुठे दिसेना. आगीचा लाल बंब आडवा आला होता, माणसं कुठे गेली ते समजेना. पुढे निळी बॅग होती, तिच्या बाजूनेच रस्ता होता. मला बॅगेचं भान नव्हतं. मागे कोण काय ओरडत होतं ते मला कसं कळणार? त्यांनी चार वेळा थांब म्हटलं, मराठीत आणि हिंदीत, हे इन्स्पेक्टरने मला नंतर सांगितलं. चौथ्यांदा म्हणाला तेव्हा त्याने शिपायाला बंदूक उचलायला सांगितली होती.

मी पळता पळता वर पाहिलं, गच्चीकडे.

गच्चीवर माणसांची धावपळ चालली होती, आणि कठड्यावर, कठड्याच्या वर, मधुसूदन उभा होता. दोन्ही हात डोक्यावर नेऊन तो एकच खूण मारत होता, सगळं अंग लावून मारत होता. थांब. थांब. थांब.

मी थांबले. बॅग माझ्यापासून दहा-बारा पावलांवर होती.

"हात वर कर," तो म्हणाला. "मागे पोलीस. बंदूक. वळू नकोस. हात वर."

मी हात वर केले. मला त्याला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायला माझे हात हवे होते. आमच्यातल्या माणसाला हात वर करायला लावणं म्हणजे त्याचं तोंड बांधणं. बोट जरी हललं तरी मागचा माणूस काय समजेल? मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले.

त्याने न विचारताच उत्तर दिलं. दीडशे पावलांवरून, एकेक शब्द सुटा सुटा करून.

"वैजू दिसतेय मला. पिवळी साडी. लाल गाडीच्या मागे. ठीक आहे. रडतेय, पण ठीक आहे. मी डोळे काढत नाही तिच्यावरून."

त्या मैदानावर तेव्हा बंबाचं इंजिन चालू होतं, भोंगा वाजत होता, लोक किंचाळत होते. कुणाचं कुणाला ऐकू जात नव्हतं. मला मात्र नवऱ्याचा शब्दन् शब्द कळत होता.

"आता बोल," तो म्हणाला आणि त्याने आपल्या गळ्याला हात लावला. "तोंडाने बोल. सांग त्यांना."

बारा वर्षांत मी परक्या माणसापुढे तोंड उघडलं नव्हतं. मी श्वास घेतला. आवाज किती मोठा काढायचा ते मला समजत नाही, म्हणून होता तेवढा सगळा काढला.

"बॅग माझी आहे! मला ऐकू येत नाही! बॅग माझी आहे!"

किती वेळ ओरडत होते कोण जाणे. शेवटी एक माणूस डावीकडून, अंतर राखून, माझ्या समोर आला. इन्स्पेक्टर. त्याचं कपाळ घामाने चकाकत होतं. त्याने मिशी ठेवलेली नव्हती. माझ्या नशिबाने.

"हळू बोला," मी म्हणाले. "माझ्याकडे तोंड करून."

"बॅगेत काय आहे?"

"बाळाचे कपडे. बाटली."

"आणि वाजतंय ते?"

"काय वाजतंय?"

त्याने डोळे बारीक केले. मी खोटं बोलतेय असं त्याला वाटलं असणार. "बाई, ही बॅग टिकटिक करत होती. दहा मिनिटांपूर्वी आत घंटा वाजली. मिनिटभर वाजली. माझी माणसं जीव घेऊन पळाली. आत काय आहे?"

मी गच्चीकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. दोन्ही चाव्या पूर्ण देऊन ठेवल्यात, असं तो म्हणाला होता. आम्ही चावी फक्त रात्री द्यायचो, पहाटे पाचला ती संपून जायची. तेच घड्याळ दुपारी चावी दिली तर संध्याकाळी पाचलाही वाजतं, हे आमच्या दोघांच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि कपड्यांत गुंडाळलेलं घड्याळ बॅगेबाहेर ऐकू जातं, हे तरी आम्हाला कोण सांगणार?

"घड्याळ," मी म्हणाले. "गजराचं."

"ऐकू येत नाही म्हणता आणि गजराचं घड्याळ?"

"उशीखाली ठेवतो. ते हलतं, मग जाग येते."

त्याने बॅगेकडे बोट केलं. मग म्हणाला, "उघडा. तुम्हीच उघडा. सावकाश."

सगळे मागे सरले. मी एकटी गेले, गुडघ्यांवर बसले. बॅगेची चेन सावकाश ओढली. बॉम्ब नाही हे मला ठाऊक होतं, तरी बंदुका अजून खाली आल्या नव्हत्या. मी स्वेटर बाजूला केला, घड्याळ काढलं आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. पाच वाजून अकरा मिनिटं.

इन्स्पेक्टरने ते माझ्या हातातून घेतलं, तळहातावर ठेवलं. त्याच्या बोटांना टिकटिक लागली असावी. मग त्याचे खांदे खाली आले.

"बाई," तो म्हणाला, "आज तुम्ही आम्हाला मारलंच होतं." मग थोडं थांबून, "आणि आम्ही तुम्हाला."

"माझी मुलगी," मी म्हणाले.

तोवर बंबामागून माणसं बाहेर यायला लागली होती. पिवळी साडी दिसली. दमयंतीबाई धापा टाकत येत होत्या, पदर घसरलेला, आणि त्यांच्या हातात वैजू लाल होऊन रडत होती. त्या माझ्यासमोर येऊन बोलल्या आणि आता त्यांचे ओठ मला वाचता आले.

"अगं, तूच म्हणालीस ना घेऊन जा म्हणून? मला वाटलं तू येतेस मागोमाग. काही केल्या गप्प बसेना. पाणी नको, बिस्कीट नको. सारखी नाकाला बोट लावतेय. सर्दी आहे का गं हिला?"

मी वैजूकडे पाहिलं. तिने मला पाहिलं. रडणं थांबलं नाही, पण तिची मूठ वर गेली, त्यातून एक बोट अर्धवट सुटं झालं आणि तिने ते नाकपुडीला लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

मी गच्चीकडे पाहिलं. मधुसूदन कठड्यावरून उतरला होता, पण त्याला दिसलं होतं. त्याचेही हात खाली पडले होते.

बंबामागे, पन्नास-साठ माणसांच्या घोळक्यात, ती इतका वेळ मला हाका मारत होती. त्या सगळ्यांना ऐकू येत होतं आणि एकालाही ती कळली नव्हती.

मी तिला घेतलं. माझ्या चमकीला बोट लावलं. "हो," मी म्हणाले, तोंडाने आणि हाताने. "मीच."

अर्ध्या तासाने सगळं पुन्हा सुरू झालं. बॅगा पुन्हा ओळीने मांडल्या, लोक पुन्हा वाकून हात लावू लागले, काही जण माझ्याकडे बघून हसत होते, काही रागाने बघत होते. काउंटरवरचा तो माणूस धावत आला. त्याच्या मागे हमाल, आणि हमालापुढे तीच खुर्ची. माझ्या निळ्या बॅगेवर त्याने स्वतः खडूने फुली केली.

"बसा," तो म्हणाला. "दिल्लीला जायचं ना?"

माझी मान खाली यायला निघाली होती. खरंच निघाली होती. बावीस वर्षांची सवय ती. मी ती मधेच थांबवली.

"नाही," मी म्हणाले.

त्याला वाटलं मला कळलं नाही. त्याने तोंड मोठं करून पुन्हा विचारलं, "दिल्-ली! वि-मान!"

"कळलं मला," मी म्हणाले. "नाही जायचं. माझी बॅग द्या." त्याने ती उचलून दिली तेव्हा फुलीचा खडू माझ्या पदराला लागला.

आम्ही तिघं रिक्षाने घरी आलो. वाटेत मधुसूदनने वैजूला धरलं होतं आणि मी त्याला. घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मामंजी दारातच उभे होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, बॅग पाहिली, पोर पाहिली. दिव्याकडे पाठ असल्याने त्यांचा चेहरा अंधारात होता. मिशा हलल्या, बराच वेळ हलल्या. ते बोलायचे थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले.

काय म्हणाले असतील? मी मान डोलावली नाही.

"मामंजी," मी म्हणाले, "मला कळलं नाही. उजेडात येऊन परत सांगा."

त्यांच्या घरात असं कुणी त्यांना म्हटलं नव्हतं. वैजूने बापाच्या खांद्यावरून मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि नाकपुडीला बोट लावलं. मामंजींनी ते बघितलं. त्यांनी माझ्या चमकीकडे बघितलं, मग पुन्हा पोरीच्या बोटाकडे. हेडमास्तर होते, दोन गोष्टी जुळवायला त्यांना वेळ लागला नाही.

मग ते दोन पावलं चालून दिव्याखाली आले. त्यांनी दोन बोटांनी ओठांवरची मिशी वर धरली आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून, म्हणाले,

"दार लावून घे. तिला वारं लागेल."